शेपटीवर बसणारी विमानं

“तुम्हाला सिनेमे आवडतात?” विश्वेशने विचारलं, आणि मृण्मयी सावध झाली.

ओझरच्या रस्त्यावर मिसळीचं एक ठिकाण आहे. द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं मांडलेली. दोघांच्या घरच्यांनी ठरवून दिलेली ही पहिली भेट. मृण्मयी निघताना आईने एवढंच बजावलं होतं, “सगळं बोल. फक्त विमानं नकोत.” आईचं तरी काय चुकलं? आधीच्या स्थळाला मृण्मयीने जुन्या विमानांच्या इंजिनांचे आवाज तोंडाने काढून दाखवले होते. स्थळ घरी गेलं ते गेलंच.

“आवडतात की,” ती म्हणाली आणि पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला.

“मला रडवणारे आवडतात.” विश्वेश हे सांगताना जरासुद्धा लाजला नाही. त्याच्या घरात रामकुंडावरचं पौरोहित्य पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. तो स्वतः नाशिकरोडला फिजिओथेरपिस्ट होता. “एक आहे ना, दुसऱ्या महायुद्धावरचा. शेवटी तो वैमानिक एकटाच विमान घेऊन निघतो. बायको कुंपणापाशी उभी असते. विमान लहान लहान होत जातं आणि परत येतच नाही. दिवे लागले तरी मला खुर्चीतून उठवेना.”

मृण्मयीला तो सिनेमा माहीत होता. चांगलाच माहीत होता. तिने मिसळीवर लिंबू पिळलं. कांदा घेतला. थोडी शेव घेतली. मग तिला राहवलं नाही.

“ते विमान तेव्हा नव्हतंच.”

“कुठलं?”

“तो ज्यात बसून जातो ते. त्या सिनेमातल्या पलटणीकडे शेपटीवर बसणारी विमानं असायला हवीत. पुढे दोन चाकं, मागे शेपटीखाली एक पिटुकलं, आणि नाक आभाळाकडे. यांनी आणलंय ते नाकाखाली चाक असलेलं. युद्ध संपून कितीतरी वर्षं झाल्यावरचं. वरून नुसता रंग फासलाय.”

विश्वेशने चमचा खाली ठेवला.

“म्हणजे मी उगाचच रडलो?”

तो चिडला नव्हता, टोमणाही मारत नव्हता. खरंच विचारत होता. मृण्मयीला एकदम वाटलं, आपण याच्या हातातून काहीतरी काढून घेतलं. आता विषय बदलता आला असता. सॉरी म्हणता आलं असतं. ती मात्र पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाली, “पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ते चाक दिसलंच नव्हतं.”

“तुम्हाला? कसं काय?”

“डोळ्यांत पाणी होतं.”

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. अंबडला, तिच्या ऑफिसात, विमानांच्या सिनेमाला खदाखदा हसणारी बाई म्हणूनच ती प्रसिद्ध होती.

“पहिल्यांदा, म्हणजे दोनदा बघितलात?”

“सहादा.”

विश्वेशला हसताना असा ठसका लागला की पाव घेऊन आलेली बाई धावत पाणी घेऊन आली. “सावकाश, दादा,” ती म्हणाली. “आमचा रस्सा लय तिखट नाय, पण हसत खाल्ला तर लागतोच.”

मग मृण्मयी सुटलीच. विमानांचे वाईट सिनेमे तिला जास्त आवडत, कारण चांगल्या सिनेमांत माणसं फार आणि विमानं कमी. अशा सिनेमांत गाणी हवीतच. गाणं चालू असेपर्यंत निदान कुणी भलतं बटण तरी दाबत नाही. उघड्या विमानात बसूनही नायकाचा भांग मोडत नाही, याचा तिला मनापासून राग होता. आणि दोन मजली पंखांची जुनी कापडी विमानं तिला सगळ्यांत प्रिय. जमिनीवर गबाळी दिसतात. पण वर गेली, की नजर हटत नाही.

विश्वेश ऐकत होता. मधेच त्याने विचारलं, “पण नाक एवढं वर, तर बसणाऱ्याला पुढचं दिसायचं कसं?”

मृण्मयी थांबली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता.

“दिसायचंच नाही!” ती आनंदाने म्हणाली. “नागमोडी न्यायचं. जरा डावीकडून बघायचं, जरा उजवीकडून. अंदाजानेच. मग धावपट्टीवर वेग आला की शेपटी वर उठते, नाक खाली येतं, आणि समोरचं सगळं एकदम दिसायला लागतं.”

“बाप रे,” विश्वेश म्हणाला. मिसळ गार झाली होती, पण तिच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

तेवढ्यात विमानतळाच्या बाजूने घरघर आली. द्राक्षाच्या पानांमधून एक पांढरं विमान वर चढताना दिसलं.

“हे कुठलं?” विश्वेश उठून मांडवाबाहेर गेला.

मृण्मयी त्याच्या मागोमाग गेली. “हे होय? दिल्लीची बस आहे ती. यात बघण्यासारखं काही नाही.”

“असू दे की बस. तू बघ तरी.”

अहो-जाहो कुठल्या घासाला सुटलं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. विश्वेशने डोळ्यांवर एक हात आडवा धरला आणि दुसरा उंच करून, लहान मुलं करतात तसा टाटा केला. अगदी मनापासून. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

विमान आता किती उंचावर असेल, याचा मृण्मयीला बरोबर अंदाज होता. खिडकीतल्या कुणालाही इथला हात दिसणं शक्य नव्हतं. तिने पदराला लागलेली शेव झटकली, आणि हात वर केला.