लेन्सवरची टिकली

जोतिबाच्या उसाचा शेवटचा पट्टा तेवढा उभा होता आणि कोल्हीण त्यातच होती. ऊसतोडीची टोळी बांधाखाली चहाला बसली होती, कुत्री खोपीला बांधून घातली होती. हा सगळा थाट महेंद्रसाठी. पलूसला फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या या गड्याला कोल्ह्याचा एक तरी मनासारखा फोटो हवा होता, आणि अलीकडं दरवर्षी त्याच्या पदरात एक पुसट शेपूट तेवढी पडत होती. पुढच्या साली या रानात द्राक्षबाग उभी राहणार होती. म्हणजे कोल्हीण गेली आणि फोटोही गेला.

"यंदा न्हाई घावली तर नाद सोड गड्या," जोतिबा म्हणाला. फौजेतून परतलेला माणूस, त्याचं साधं बोलणंही हुकमासारखं वाटे.

महेंद्रच्या गळ्यात आज दोन कॅमेरे होते. एक त्याचा जुना, रिळाचा, लेन्सचं कडं हातानं फिरवून फोकस करायचा. दुसरा मुंबईच्या धाकट्या भावानं, प्रबुद्धनं, धाडलेला. त्याचं बटण अर्धं दाबलं की लेन्स आपली आपण फोकस करते. "दादा, आता डोळ्यांना ताण कशाला?" असं प्रबुद्ध फोनवर म्हणाला होता आणि ते महेंद्रला चांगलंच झोंबलं होतं. चाळिशी उलटली म्हणून काय झालं, असं तो तेव्हापासून येईल त्याला ऐकवत होता. बायको विशाखा तेवढी ऐकून गप्प बसे.

पाचट खसफसलं. उसातून कोल्हिणीचं नाक बाहेर आलं. महेंद्रनं नवा कॅमेरा उचलून बटण दाबलं. लेन्स खर्रकन पुढं गेली, खर्रकन मागं आली आणि मधलंच एक हलणारं पान धरून बसली. ते सुटलं तर दुसरं पान. तेवढ्यात नाक आत गेलं.

"बघितलं?" तो सोबत आलेल्या विशाखाला म्हणाला. संधी हुकल्याची हळहळ होतीच, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. "मशिनला काय कळतंय, पान कुठलं आन कोल्हीण कुठली."

बांध एके ठिकाणी फुटला होता. ओढ्याकडं निसटायला कोल्हिणीला तीच वाट. आधीच तिथं फोकस धरून ठेवायचा आणि ती आली की बटण दाबायचं, असं ठरवून त्यानं जोतिबाला त्या जागी उभं केलं. जुना कॅमेरा स्टँडवर चढवून डोळा लावला. आत मधोमध एक गोल असतो. त्यात माणूस दोन तुकड्यांत दिसतो, ते तुकडे जुळले की फोकस बसला. महेंद्रनं कडं फिरवलं. जुळलेसे वाटले. पुन्हा फिरवलं, आधीचंच बरं होतं असं वाटलं. दोन्ही तुकडे त्याला सारखेच पुसट दिसत होते.

विशाखा त्याच्या बोटांकडं बघत होती. "आवं, त्ये मशिन करत हुतं तसंच चाललंय की तुमचं. म्होरं, मागं."

"ऊन येतंय डोळ्यावर."

"ऊन तुमच्या पाठीवर हाय. सरा जरा."

जोतिबासमोर वाद नको म्हणून आपण सरलो, अशी त्यानं मनाची समजूत घातली. विशाखा वाकली. "भावजी, हलू नगा," म्हणाली, आणि जोतिबाच्या सदऱ्याच्या बटणातला दोरा दिसेपर्यंत कडं फिरवत राहिली. मग कपाळावरची टिकली काढून तिनं अर्धी कड्यावर, अर्धी लेन्सच्या नळीवर अशी चिकटवली.

"आता ह्येला हात लावायचा न्हाई. ती आली की दाबा."

जोतिबा बाजूला झाला. तिघंही दबा धरून बसले. बऱ्याच वेळानं कोल्हीण आली ती तोंडात पिल्लू धरूनच. फुटक्या बांधावर क्षणभर थांबली, वळून बघितलं. महेंद्रनं बटण दाबलं. त्या आवाजासरशी ती ओढ्यात उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुतला आणि ओलाच बाहेर उजेडात आणला. हात लांब केला, आणखी लांब केला. हात संपला.

"झ्याक आलाय," तो म्हणाला.

"पिल्लाचं डोळं उघडं हायत का मिटल्यालं?" विशाखानं विचारलं.

त्यानं फोटोवरनं नजर उचलली. समोर स्टँडवर स्टुडिओचा कॅमेरा उभा होता. लांबचं त्याला लख्ख दिसे. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कड्यावर तशीच लाल टिकली होती. कुठल्यातरी नव्या नवरीची चिकटली असेल म्हणून तो ती कितीदा नखानं खरवडून काढायचा, आणि पुन्हा ती तिथंच असायची. गिऱ्हाइकाचं स्टूल विशाखानं खिळे मारून एकाच जागी का बसवलं, हेही त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"ही कवापासनं?"

"धोंडिरामतात्यांच्या पोरीच्या लग्नापासनं. नवरीपरीस मागची कनात साफ आली हुती." ती हसत नव्हती, रागावलीही नव्हती. "गिऱ्हाइकाला काय सांगायचं, म्हणून लावत गेले."

महेंद्रला लाज वाटली. मग, का कोण जाणे, फार हलकं वाटलं. तो जाऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला आणि फोटो तिच्या हातात दिला.

"धर. मागं सर जरा."

ती एकेक पाऊल मागं सरत गेली.

"आजून मागं. आजून. हां... हलू नगंस."

फोटो छातीशी धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"पिल्लाचं मिटल्यात," तो म्हणाला. "आईचं उघडं हायत."