रुईवरच्या अळ्या

मारुतीच्या माळेसाठी हेमलता परसातल्या रुईची पानं तोडायला गेली, की शेजारच्या द्वारकाकाकूंचा कोंबडा कुंपणावरून उडी मारून यायचा आणि तिच्या पोटऱ्यांना टोचायचा. काकूंना सांगितलं, तर त्या म्हणायच्या, "आमचा सरदार गरीब आहे गं. तूच त्याची खोड काढली असशील."

एका शनिवारी सरदाराला रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या लठ्ठ अळ्या दिसल्या. हेमलता मुकाट्यानं बाजूला झाली. त्यानं दोन अळ्या मटकावल्या, मान वाकडी केली आणि तो भडाभडा ओकला.

काकू धावत आल्या. "विष घातलंस ना माझ्या सरदाराला?"

"मी नाही, अळ्यांनी घातलं," हेमलता म्हणाली. "रुईचा चीक विषारी असतो. या अळ्या तो पचवतात आणि विष अंगात साठवून ठेवतात. जो त्यांना खाईल, तो ओकेल. एकदा ओकला, की पट्टे बघूनच लांब राहतो."

संध्याकाळी सरदार पुन्हा आरवायला लागला. हेमलतानं मात्र लगेच बाजार गाठला आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची साडी आणली. पुढच्या शनिवारी ती नेसून ती ऐटीत परसात गेली. तिला बघताच सरदार पंख फडफडवत खुराड्यात शिरला.

हेमलता खुदकन हसली, तोच काकूंचं मागचं दार हळूच उघडलं. काकू दाण्यांची वाटी घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या अंगावर हुबेहूब तशीच साडी होती.

"हसू नकोस," काकू पुटपुटल्या. "मेला मलासुद्धा अंगणात पाय ठेवू देत नव्हता."