शेवटी नऊच

बिलोलीकडच्या त्या गावात अंकशास्त्री महाराज आले आणि दुपारपर्यंत निम्म्या गावाला मंगळानं धरलं. मोबाइल नंबरातले शेवटचे चार आकडे घ्यायचे, उलटे लिहायचे, मोठ्यातून लहान वजा करायचे आणि उत्तरातल्या आकड्यांची एकच आकडा उरेपर्यंत बेरीज करत जायची. ज्याचा त्याचा नऊच! नऊ म्हणजे मंगळ, आणि मंगळ म्हटला की शांती आलीच.

शाळेत गणित शिकवणाऱ्या लुंबिनी मॅडमना राहवलं नाही. खडू घेऊन त्या ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशीच उभ्या राहिल्या. कोणतीही संख्या उलटी करून वजा केली की उरलेल्याला नऊनं भाग जातोच, हे त्यांनी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं.

"अहो, हा मंगळ नाही, वजाबाकी आहे! कुणाचाही नंबर घ्या. तुमच्या म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा घ्या, तरी नऊच येणार!"

घोळक्यात पुढं उभ्या असलेल्या नागुबाईनं तोंडाला पदर लावला. मॅडमना वाटलं, पडला एकदाचा उजेड.

दुसऱ्या दिवशी महाराजांपुढची रांग शाळेच्या फाटकापर्यंत आली होती. रांगेत नागुबाई उभी होती आणि तिच्या मागं निवांत रवंथ करत तिची म्हैस.

"मॅडम, लई उपकार झाले तुमचे," नागुबाईनं दाव्यासकट हात जोडले. "तुमी बोललात म्हनून. न्हाई तर मुक्या जनावराचा मंगळ कुणाला कळला असता?"