सत्तर वर्षांचा बिल्ला

पाकीट जर्मनीहून आलं होतं. लोरेन्झ आजोबांच्या पलंगाशी बसून सुरुचीने ते फोडलं. आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. त्यांना आता वाचता येत नव्हतं. ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशच्या त्या वृद्धाश्रमात जर्मन वाचू शकणारी केअरगिव्हर ती एकटीच. पुण्यात शाळेत असताना आठवीला तिने संस्कृत सोडून जर्मन घेतलं होतं, मार्क चांगले पडतात म्हणून.

"प्रमाणपत्र आहे," ती म्हणाली. "सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचं सभासदत्व सत्तर वर्षं टिकवल्याबद्दल. आणि सोबत बिल्ला."

"सही कुणाची?"

"दोन सह्या आहेत. आता एका वेळी दोन अध्यक्ष असतात." तिने दोन्ही नावं वाचली.

आजोबांनी थोडा विचार केला. "ओळखत नाही. दोघं का? एकाला झेपेना?"

समोरच्या भिंतीवर चार चौकटी होत्या: पंचवीस वर्षं, चाळीस, पन्नास, साठ. चारही प्रमाणपत्रांवर वेगवेगळ्या अध्यक्षांच्या सह्या. त्यांच्या खाली सुरुचीची मुलगी ओवी जमिनीवर मांडी घालून बसली होती. शाळा सुटली की आईची ड्यूटी संपेपर्यंत ती इथेच असे. आजोबांनी पक्षाचे सगळे अध्यक्ष तिला एका वहीत लिहायला लावून पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते.

"म्हणू, ओपा?" तिने विचारलं; आजोबांना ती अशी जर्मनमध्येच हाक मारायची. उत्तराची वाट न पाहता तिने सुरू केलं. "शूमाखर, ओलेनहाउअर, ब्रांट, ट्वेंटी-थ्री इयर्स! फोगेल, एंगहोल्म, शार्पिंग, लाफोंटेन, श्र्योडर, म्युंटेफेरिंग, प्लाट्झेक, बेक, म्युंटेफेरिंग..."

"एक नाव दोनदा आलं गं," सुरुची म्हणाली.

"तो दोनदाच आला होता," आजोबा म्हणाले. "तिला नको शिकवूस."

ओवी हसली. आजोबाही हसायला गेले, पण खोकला आला. सुरुचीने त्यांना उशीला टेकवून बसवलं, पाणी दिलं. सकाळीच डॉक्टरांनी दुखण्यावरची सोडून बाकीची सगळी औषधं बंद केली होती. काही आठवडे, फार तर महिना, असं ते म्हणाले होते; आणि आजोबांच्या तोंडावरच म्हणाले होते, कारण आजोबांनीच विचारलं होतं.

"बिल्ला लावू का, आजोबा?" सुरुचीने डबी उघडली. "स्वेटरवर छान दिसेल."

"तू नाही."

"मग तुम्ही स्वतः लावा. मी हात धरते."

"स्वतःही लावायचा नाही. पक्षातल्या माणसानेच लावायचा. आमचा चौघांचा नियम होता." चौघं म्हणजे ऑकलंडमध्ये येऊन राहिलेले त्या पक्षाचे चार जर्मन सभासद. आधीचे चारही बिल्ले त्यांनीच एकमेकांना लावले होते, उभं राहून, हात मिळवून. त्यांतला आजोबांखेरीज उरलेला शेवटचा गेल्या हिवाळ्यात गेला.

"मी जर्मन क्लबमध्ये फोन केला होता," सुरुची हळूच म्हणाली. "एक जण सापडला. पण त्याने सहा वर्षांपूर्वी पक्ष सोडला. तरी यायला तयार आहे. रविवारी."

"का सोडला?"

"विचारलं नाही मी."

"मग येऊ नको म्हणावं." आजोबांनी मान भिंतीकडे वळवली. "ठेव ती डबी खणात."

सुरुचीने डबी मिटली. खण ओढून ती आत ठेवली.

"मी बनते ना मेंबर," ओवी एकदम उठली. "आई, ऑनलाइन होईल ना? मग मी लावीन. मला सगळी नावं येतात."

"ओवी, बाळा..."

"थांब," आजोबा म्हणाले. त्यांनी मान परत इकडे वळवली. "चौदा पूर्ण लागतात. तुला कितवं चालू आहे?"

"आय एम नाइन. अँड अ हाफ."

आजोबांनी पांघरुणावर बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार. अंगठा अर्धाच उघडून ठेवला. सुरुची खिडकीपाशी गेली आणि पडदा उगाच नीट करत राहिली.

"साडेचार वर्षं," ते म्हणाले. "मग वही नीट सांभाळ. आजची दोन नावं लिहून घे. पुढची नवी येतील, त्यांना जागा ठेव."

ओवीने वही उघडली. सुरुचीकडून स्पेलिंग विचारून तिने दोन्ही नावं लिहिली. मग पट्टी घेऊन खाली तीन रिकाम्या ओळी आखल्या आणि वही आजोबांच्या डोळ्यांसमोर धरली.

"थ्री. इनफ, ओपा?"

त्यांना ओळी दिसत नव्हत्या. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं.

"आणखी एक आख," ते म्हणाले.