खिशातला गूळ

बाभुळगाव रस्त्यावरच्या भट्टीत जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवतात. तिथून कामाच्या कपड्यांतच दवाखान्यात आलेल्या बापाला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अर्पिताच्या रक्तात शिसं सापडलंय. म्हणून पोट दुखतं. भट्टीवर जाते का ही?” “नाही जी. इले तिकडं फिरकूच देल्लं नाही.” “तिथलं घरी काय नेता?” “काहीच नाही.” तेवढ्यात मांडीवरच्या अर्पितानं सवयीनं त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि गुळाचा खडा काढला. बाप हसला. “हा गूळ तेवढा. छातीतला धूर उतरते म्हून मालक रोज देते. मी खात नाही, इच्यासाठी ठेवतो.” डॉक्टरीणबाईंची नजर खड्यावरच्या राखाडी धुळीवर थांबली. मग बापालाही ती दिसली. त्यानं पोरीचं मनगट धरलं. “तुले पायजे काय, बाबा?” “हो.” तिनं खडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि तो कधी खातो ते पाहू लागली.