दगडांचं कडं

परदेशातून इस्राएलला नव्यानं आलेल्यांच्या वसाहतीच्या मागच्या हिरवळीवर येशीचा तंबू होता. तंबूभोवती तिच्या सासूनं दगडांचं कडं घातलेलं. माळ्यानं दोनदा दगड उचलून नेले, म्हातारीनं दोनदा परत मांडले.

बाळंतपणाचा आज एकोणसाठावा दिवस. सासूनं इंजेराच्या आंबट धिरड्याची ताटली कड्याच्या काठावर टेकवली, हात मागे घेतला, मगच येशीनं ती आत ओढली.

तेवढ्यात लग्न-जन्माच्या नोंदी करणाऱ्या धर्मकचेरीतले साहेब आले. सोबत दुभाष्या बेलाय, त्यांच्याच डोंगराकडचा.

"हिला सांग, आजचा शेवटचा दिवस. हौदात एक बुडी, तीन साक्षीदारांसमोर. नवऱ्यानं घेतलीय. हिनं घेतली की लग्नाची नोंद होईल, पोरीचीही. नाहीतर कागदावर दोघी कोणीच नाहीत."

"बुडी कशाला?" येशीनं विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

बेलाय चुळबुळला. "ताई, ते म्हणतात, आपण इस्राएलचं हरवलेलं कूळ. दान नावाच्या पूर्वजाचे वंशज. पण इतकी शतकं हरवलेलो, मध्ये काय काय मिसळलं असेल कोण जाणे. बुडी घेतली की पक्के यहुदी. शंकाच नको."

"हरवलो? आम्ही होतो तिथंच होतो. शोधायला कोणी फिरकलं नाही, त्याला हरवणं म्हणतात होय?"

सासू खुदकन हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "घे गं बाई. पाणीच तर आहे. नातीचा कागद अडलाय माझ्या."

येशीनं मांडीवर पाहिलं. लेक दूध पिता पिता झोपली होती. ओठ अजून चोखतच होते. कागद नसला तर उद्या हिचं लग्न कोण लावील? न्हाण आल्यापासून दर महिन्याला येशी तिकडच्या डोंगरातल्या नदीत शुद्ध व्हायला उतरली होती, हिवाळ्यात दात वाजत असतानाही. शेजारच्या गावचे लोक नाक मुरडायचे. म्हणायचे, यांच्या अंगाला पाण्याचा वास येतो.

"मुलीचं नाव?" साहेबांनी पेन काढलं.

"अजून नाही ठेवलं. ऐंशीव्या दिवशी ठेवतात. मुलगी झाली की ऐंशी दिवस बाहेर बसायचं, तोवर पाण्यात उतरायचं नाही. देवाच्या पुस्तकात आहे हे. बेलाय, विचार की त्यांना, तुमच्या बाईसाहेब किती दिवस बसल्या होत्या?"

बेलायनं अडखळत सांगितलं. साहेबांचे कान लाल झाले.

"ते आता कोणी पाळत नाही."

"आम्ही पाळतो. ऐंशीव्या दिवशी घेईन मी बुडी. यहुदी व्हायला नाही, घरात जायला."

"निदान सही तरी कर!" साहेबांनी कागद पुढे केला आणि तिरीमिरीत एक पाऊल टाकलं.

येशीनं कागद घेतला नाही. ती खाली बघत राहिली. काळा चकचकीत बूट दगडांच्या आत आला होता. सासूनं तोंडावर पदर धरला.

"बेलाय, भाऊ, यांना नीट समजावून सांग," येशी शांतपणे म्हणाली. "पाय आत पडला. विटाळ झाला त्यांना. संध्याकाळपर्यंत कोणाला शिवायचं नाही, आणि घरात शिरायच्या आधी पाण्यात बुडी घ्यायची. साक्षीदार नसले तरी चालतात म्हणावं."