दिपालीचा ग्रह

कडोली गावच्या साहित्य संमेलनात दुसऱ्या रांगेत नागेंद्र बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसला होता, आणि व्यासपीठावर बायको एका ग्रहाचं कौतुक करत होती.

"आपल्या गुरूपेक्षा मोठा आहे, पण त्याच्या ताऱ्याला इतका चिकटलाय की त्याचं वर्ष आपल्या एका दिवसात संपतं," दिपाली सांगत होती. "ताऱ्याच्या ओढीनं अंड्यासारखा लांबट झालाय. तोंड कायम ताऱ्याकडेच. बिचाऱ्याला मान वळवायचीसुद्धा सोय नाही."

बिचारा! नागेंद्राच्या अंगाचा तिळपापड झाला. मच्छे गावातल्या कारखान्यात दिवसभर लेथवर उभा राहून तो घरी यायचा, त्याला कधी कुणी बिचारा म्हटलं नव्हतं. बाई कॉलेजात शिकवून आल्या की लॅपटॉपसमोर बसायच्या, तोंड त्या ग्रहाकडे. नवऱ्याच्या वाट्याला नुसता अंबाडा. आता त्याच ग्रहापायी पुण्याहून दोन वर्षांच्या कामाचं बोलावणं आलं होतं. "जाऊ का?" असं तिनं गेल्या रविवारी विचारलं, त्यावर नागेंद्रानं अजून हूं की चूं केलं नव्हतं. उद्या तिला पुण्याला कळवायचं होतं.

शेजारी बसलेले भावकीतले भावकूआप्पा त्याच्या कानाशी लागले. "नाग्या, लईच जीव दिसतोय रं तुझ्या बायकोचा त्येच्यावर."

"व्हय. दिसतोय खरा." नागेंद्र पर्सची चेन उघड-मीट करत राहिला.

दिपालीचा आवाज जरा उतरला. "पण हा ग्रह वाचणार नाही. जवळ सरकत सरकत एक दिवस ताऱ्यात पडेल."

नागेंद्राला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. भाषण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो खुर्चीला पाठ टेकून बसला.

"आपण म्हणतो, ताऱ्यानं गिळलं. पण ग्रहही ताऱ्याला ओढत असतो. समुद्राला भरती यावी तसा त्या ओढीनं ताऱ्यावर फुगवटा येतो. तारा सावकाश फिरतो, म्हणून फुगवटा ग्रहाच्या मागं पडतो आणि ग्रहालाच मागं खेचतो. मग ग्रह आणखी जवळ येतो, आणखी जोरात ओढतो. स्वतःच्याच ओढीनं त्याचा घात होतो. जरा लांब असता, तर सुखानं फिरत राहिला असता."

हे सांगताना तिनं दुसऱ्या रांगेकडे बघितलंही नाही. नागेंद्राचा चेनवरचा हात मात्र थांबला. आठवडाभर गप्प राहून आपण तिला धरूनच ठेवलं होतं, हे त्याला आत्ता कळलं, आणि कळलेलं काही आवडलं नाही. जळफळाट होताच. तो तसूभरही कमी झाला नव्हता.

"कुणाला काही प्रश्न?" सूत्रसंचालकानं विचारलं.

पर्स काखेत मारून नागेंद्र उभा राहिला. मंडपात खसखस पिकली. अर्धं गाव त्याच्या ओळखीचं.

"त्यो पडणार कवा?"

दिपाली गडबडली. घरी 'अहो' म्हणणारी बाई माईकवर काय म्हणणार? "प्रश्न चांगला आहे," ती म्हणाली. "अंदाजे तीस लाख वर्षं लागतील."

"लईच टाईम हाय की!" भावकूआप्पा मोठ्यानं म्हणाले.

"असूंदे," नागेंद्र म्हणाला. तो आप्पांकडे बघतच नव्हता. "जा तू पुण्याला. बघ त्येला. मी थांबतो."

सगळा मंडप हसला. दिपालीनं माईक तोंडापासून लांब धरला आणि रुमालासाठी खांद्याशी हात नेला. पर्स दुसऱ्या रांगेत होती.